मोठ्या माशाचा पारा

समुद्रापासून इतक्या दूर, आपल्या छत्रपती संभाजीनगरात, माशांतला पारा मोजणारी माणसे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का? मी त्यांतला एक. गळ्यात माळ आहे, त्यामुळे मासा खात नाही, तपासतो. नमुने संपतात, किस्से साठत जातात.

*

पाहुणे हमखास विचारतात, "समुद्र कुठं, तुम्ही कुठं?"

आमच्या प्रमुख कांबळे मॅडम म्हणतात, "समुद्र लांब असेल. ताट तर इथंच आहे ना?"

*

एकदा घाईत मी आठवडाभराचे मासे स्टीलच्या सुरीने कापले. आम्ही पाऱ्यासोबत इतर धातूही मोजतो; सुरीचा धातू नमुन्यात उतरतो, म्हणून आमच्याकडे चिनीमातीचे पाते असते. कोणी पाहिले नव्हते. मी होऊन सांगितले.

मॅडमनी ते सगळे नमुने फेकायला लावले. "सुरीचं पाप माशाच्या माथी नको, जोशीकाका. सांगितलंत, म्हणून उद्याही या."

*

मासळी बाजारातले रफीकभाई नमुने आणून देतात. मॅडमनी त्यांना समजावले: बारीक जीव पाण्यातला पारा घेतात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे, पारा शरीरातून सहजी बाहेर पडत नाही.

"समझ गया," रफीकभाई म्हणाले. "छोटों का सब गुनाह बडे के पेट में जमा."

मी पुष्कळ कीर्तने ऐकली आहेत. इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

*

एका प्रसूतिगृहाला मासे पुरवणाऱ्या ठेकेदाराने मोठ्या सुरमईचे म्हणून सोललेले तुकडे तपासायला पाठवले. पारा नावापुरता.

मॅडमनी सही केली नाही. "एवढा मोठा मासा, अन् इतका निर्मळ?"

मला व रफीकभाईंना घेऊन त्या थेट तिथल्या स्वयंपाकघरात गेल्या. रफीकभाईंनी परातीतला तुकडा उचलला. "ये सुरमई नै, काका. मुशी है, बडी वाली."

मुशी म्हणजे शार्क, सुरमईहून स्वस्त. आमच्याकडे आले होते ते लहान माशाचे मांस. पारा गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर घाला घालतो, आणि बाहेर गरोदर बायांची पाने मांडली होती. मॅडमनी ती उचलायला लावली. मुशी तपासली, पारा मर्यादेच्या कितीतरी वर.

ठेकेदार धावत आला. "मॅडम, एवढ्या टायमाला सांभाळून घ्या. बायांना काय कळतंय?"

"त्यांना कळत नाही, म्हणूनच आम्ही आहोत."

ठेका गेला, परवाना गेला, माल खड्ड्यात पुरला गेला.

पुढल्या वर्षी तोच ठेकेदार आमच्या दारातल्या रांगेत दिसला, डोक्याशेपटीसकट अख्खी सुरमई घेऊन. मी विचारले, "आता कोणाचा ठेका?"

"ठेका कुठला, काका. सुनंला दिवस गेलेत. म्हणती, मामा, आधी कागद दाखवा, मग चुलीवर ठेवते."