अण्णांनी हुंगलेला हापूस

रत्नागिरीजवळच्या पालीच्या अण्णा केतकरांना आपण मूर्ख आहोत हे कळायला सत्तरावं वर्ष उजाडावं लागलं, आणि त्यासाठी दुबईला जावं लागलं. असं ते स्वतःच सांगतात. ऐकणाऱ्याने 'हो' म्हटलेलं मात्र त्यांना फारसं आवडत नाही.

छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी सहल नेली आणि नेली तेवढी पोरं परत आणली. हे त्यांनी विमानात मुलाला, वेदला, दोनदा ऐकवलं. त्यामुळे मॉलमध्ये सून तेजस्वी आणि वेद बूट बघायला निघाले, तेव्हा पाच वर्षांची नात मनू आपसूकच अण्णांच्या हाती आली. "अण्णा, हात सोडू नका हां," तेजस्वी म्हणाली. अण्णांना हसू आलं. कोणाला सांगतेस?

समोर फळांचं दुकान होतं. पाटी होती 'रत्नागिरी हापूस'. अण्णांची स्वतःची शंभर कलमं. त्यांनी एक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. हा आंबा रत्नागिरीच्या वाटेलासुद्धा गेलेला नव्हता. दुसरा हुंगला. आंबा हुंगायला आणि दुकानदाराला झापायला दोन्ही हात लागतात. वळून पाहिलं तर मनू नव्हती.

सुरक्षा अधिकारी केरळचा होता, शांत, हिंदी बोलणारा. पोरगी गेली तेव्हा तुम्ही कुठे होता, असं त्याने विचारलं.

"शेजारीच. मिनिटभर नजर हटली," अण्णा म्हणाले.

त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. मागे वेद आणि तेजस्वी उभे होते. पडद्यावर अण्णा एकामागून एक आंबा नाकाला लावत होते. मनूने त्यांचा सदरा दोनदा ओढला. मग ती सरकत्या जिन्याकडे गेली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. अण्णा अजून हुंगतच होते. अकरा मिनिटं. तेजस्वीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं.

वेद-तेजस्वी अधिकाऱ्याबरोबर खालचा मजला धुंडाळायला धावले. वरच्या मजल्यावर गणवेशातले रखवालदार दुकानादुकानांतून मनूच्या नावाने हाका मारत होते. ओ नाही. अण्णांना तिथेच कपड्यांच्या दुकानांसमोर बाकावर बसवून 'इथून हलू नका' असं बजावलं होतं. आता 'कोणाला सांगतेस' म्हणायची सोय नव्हती. पाऊण तास झाला आणि त्यांचा धीर सुटला.

देवापुढे मोठ्याने घालतात त्या गाऱ्हाण्याची अण्णांनी आयुष्यभर थट्टा केली. देवाला ऐकू येतं ना, मग ओरडता कशाला, असं ते शिमग्यात पालखीसमोर म्हणत. मनूला खांद्यावर घेऊन उभे मात्र राहत, कारण गाऱ्हाण्याच्या दर ओळीला सगळ्यांबरोबर 'होय महाराजा' ओरडायला तिला भारी आवडायचं. आता ते उठले, हात जोडले आणि त्याच खड्या सुरात सुरू झाले.

"बा महाराजा, या जागेचा राखणदार जो कोण असशील तो. चूक झाली ती माझी झाली. पोरीचा काही दोष नाही. शहाणपणाचा तोरा मिरवला, तो तुझ्या पायाशी ठेवला. माझी मनू जिथं असेल तिथनं सुखरूप आण रे महाराजा."

लोक थांबून बघायला लागले. दोन रखवालदार त्यांच्या दिशेने निघाले. तेवढ्यात समोरच्या दुकानात टांगलेल्या लांब झग्यांमागून बारीक पण खणखणीत आवाज आला.

"होय महाराजा."

मनू बाहेर आली ती ऐटीत. "अण्णा, ती अनोळखी माणसं मला नावानं हाका मारत होती. मी मुळीच ओ दिली नाही."

हा धडा तिच्याकडून अण्णांनीच विमानात पाठ करून घेतला होता. तिला पोटाशी धरून ते तिथंच फरशीवर बसले आणि रडले.

पुढचे तीन दिवस मनूचा हात तेजस्वीच्या हातात होता. अण्णांनी मागितला नाही. परतताना विमानतळावर तेजस्वी थांबली आणि तिने तो अण्णांच्या हातात दिला.

"धरा, अण्णा. आंबा दिसला तरी बघायचं नाही."

अण्णांनी मान हलवली. पालीला घराची पायरी लागेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. वाटेत नाकाला खाज सुटली, तर त्याला दुसरा हात होता.