जुन्या कंपायलरला चालेल असं

अण्णांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. ते इथल्याच मल्लेश्वरम भागातले, कित्येक पिढ्या याच शहरात, मराठीत कानडी मिसळून बोलायचे. मी निपाणीची. एचएसआर भागातल्या त्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

आमची कंपनी गिरण्यांतल्या यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिते. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर; जुन्या यंत्रांच्या कंपायलरला सीचं जुनंच रूप कळायचं, म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायच्या हेडर फाइलींचा त्यांच्यासाठी वेगळा संच अण्णा एकटे सांभाळायचे. एके दिवशी मॅनेजरनं मला सांगितलं, दोन संच नकोत. नव्या फाइली अशा बदल, की जुन्या कंपायलरवरही चालतील.

मला जमेना. एक चूक काढली की दहा नव्या दिसायच्या. शेवटी अण्णांनीच खुर्ची ओढली.

"स्वल्प थांब. दोन तिरप्या रेघा मारून लिहिलेली कॉमेंट जुन्या कंपायलरला वाचता येत नाही. आणि ह्या यादीतला शेवटचा स्वल्पविराम काढ."

त्या एका स्वल्पविरामापायी माझी अख्खी दुपार गेली होती. मग ते रोज येऊन बसायचे. आकड्यांचा कुठला प्रकार जुन्या कंपायलरकडे नाही, तो आपण कसा करून द्यायचा, सगळं दाखवायचे. मी लिहून घ्यायची.

तीन आठवड्यांनी दोन्ही कंपायलर बिनतक्रार चालले. "सरी! झालं बघ," म्हणाले आणि खालून दोघांना कॉफी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्यांना आत बोलावलं. बाहेर आले ते चार्जरची वायर गुंडाळायला लागले.

"आता एकच संच आहे ना. माझं काम संपलं."

"तुम्हाला ठाऊक होतं, अण्णा?"

"दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं."

"मग शिकवलंत कशाला मला?"

"तू विचारत होतीस."

मी मॅनेजरकडे गेले. अण्णांशिवाय मला जमणार नाही, म्हटलं. तो हसून म्हणाला, "तुमने सब इतना अच्छा लिख रखा है, अब कोई भी कर लेगा."

नोकरी सोडावी असं खूप वाटलं. सोडली नाही. त्या फाइलींत अजून एकही चूक निघालेली नाही. निघाली असती तर त्यांना बोलवा म्हणायला तोंड तरी राहिलं असतं.

परवा फोन केला. शहराबाहेर, देवनहळ्ळीकडे एका नव्या लेआउटच्या ऑफिसात प्लॉट बघायला येणाऱ्यांची नावं ते वहीत उतरवून घेतात.

"बरं आहे," म्हणाले. "बसून काम आहे."

 मग, कुणीतरी आलंय, असं म्हणत त्यांनी फोन ठेवला.