मागून आणलेल्या गाडीतला मृत्यू

मे महिन्यातला रविवार होता. गाडी मित्राची होती आणि पंधराशेचं डिझेल मी भरलं होतं. गाडीत आम्ही तिघे होतो: मी, माझी बहीण आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला तिचा नवरा. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून त्याला सोडलं होतं. गावाकडे येताना वाटेत मुलचेरा यायच्या आधीच तो गेला.

मी गाडी मोहाच्या सावलीत थांबवली. मित्र ती लग्नांना भाड्याने द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात नवरी बसायची होती. आमच्याकडे प्रेत नेलेल्या गाडीत नवरीला कोणी बसवत नाही.

“दादा, यायले इथी उतरवू नको,” बहीण म्हणाली.

मी मित्राला फोन करून खरं ते सांगितलं आणि गाडी तशीच पुढे नेऊ का विचारलं.  तो म्हणाला, “विचारून काऊन राह्यला? बाईले घरी पोचव पहिले.”

संध्याकाळी अंत्यविधी झाला. सकाळी गाडी धुऊन, टाकी भरून मी परत नेली. मित्राच्या अंगणात नवरीचा बाप उभा होता. आम्ही दोघं गप्प बसलो असतो तर त्याला कळलं नसतं. मित्रानेच त्याला सांगितलं.

“मंग माहा इसार वापस दे,” तो म्हणाला. “आता कोणाची पोरगी बसन या गाडीत?”

मित्राने खिसे चाचपले. मी पुढे झालो.

“तू नको देऊ,” मित्र म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

आगाऊ दिलेले इसाराचे तीन हजार मी नवरीच्या बापाच्या हातावर ठेवले.