कंपनीच्या वकिलांची फी

व्हर्नेटा गॅस्किन्स अमेरिकेतल्या डेटन शहराजवळच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होती. सुपरवायझरच्या जागेसाठी तिनं तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा तिनंच काम शिकवलेला कुणीतरी गोरा माणूस तिच्या डोक्यावर आणून बसवला. तिसऱ्या वेळी तिनं, आपण काळ्या म्हणून डावललं असं सांगत, कंपनीवर भेदभावाचा खटला भरला. मी तिच्याच पाळीतली, म्हणून साक्षही दिली. ज्यूरीनं तीन दिवस खल केला आणि कौल कंपनीच्या बाजूनं दिला.

तेही तिनं पचवलं. "विचारायचं होतं ते विचारलं," एवढंच म्हणाली आणि सोमवारी कामावर हजर.

दोन आठवड्यांनी तिच्या वकिलाचा, प्रुइट यांचा, फोन आला. खटला मुळातच पोकळ होता, सबब आपल्या वकिलांची चौऱ्याण्णव हजार डॉलर फी या बाईंकडून वसूल करून द्यावी, अशी मागणी कंपनीनं कोर्टात केली होती.

व्हर्नेटाकडे विकण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे घर. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती माळ्यावरचं सामान खाली काढत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

"आवरतेय. उद्या कुणी घर बघायला आलं तर लाज नको जायला."

प्रुइटांनी तिला पुन्हा पुन्हा समजावलं, "बाई, हरणं वेगळं आणि खोटा दावा करणं वेगळं. कंपनी हरली असती तर माझी फी तिलाच भरावी लागली असती. पण कामगार हरला म्हणून कंपनीची फी त्याच्या गळ्यात पडत नाही. दाव्यात काहीच दम नव्हता असं कोर्टाला वाटलं, तरच पडते."

"आणि तसं वाटलं तर?"

यावर त्यांनी सुनावणीची तारीख तेवढी सांगितली. तेव्हापासून तिला जेवण जाईना.

सुनावणीला मी सोबत गेले. न्यायाधीश बाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. कंपनीच्या वकिलांनी बराच वेळ दावा किती फालतू होता ते सांगितलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "या फालतू दाव्यावर तुम्ही किती तास काम केलंत?"

"तीनशे बारा तास, मॅडम."

"आणि ज्यूरीला ठरवायला तीन दिवस लागले." त्यांनी कागद बाजूला सारला. "या बाईंनी सिद्ध केलं नाही, हे खरं. पण त्यांना विचारायचा हक्क होता. अशा माणसांकडून फी वसूल करायला लागलो तर उद्या कोर्टाची पायरी कोण चढेल? अर्ज नामंजूर."

कागदपत्रांच्या नकला वगैरे कोर्टखर्चाचे अकराशे डॉलर तेवढे तिच्या माथी राहिले. व्हर्नेटाला ते कळलंच नसावं. ती बसल्या जागी दोन्ही हातांनी बाक धरून होती.

"उठ गं," मी म्हटलं.

"थांब जरा. म्हणजे घर राहिलं ना?"

बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात तिनं खिम्याचा मीटलोफ मागवला, बटाट्यासकट सगळा संपवला, माझ्या ताटातलंही उचललं. गाडीत बसली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. तिच्या घराचं वळण आलं. मी वळलेच नाही. म्हटलं, झोपू दे, आणि गाडी तशीच पुढं चालवत राहिले.