आत्याची नडगी

माझी आत्या गडहिंग्लजजवळच्या खेड्यात चार म्हशी सांभाळून एकटी राहते. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून तिची नडगी मोडली, तेव्हा मी तिला कोल्हापूरला घरी आणलं. प्लास्टर झालं, पण महिने उलटले तरी एक्स-रेत भेग तशीच.

"माझ्या हाडातच खोट हाय काय?" तिनं डॉक्टरीणबाईंना थेट विचारलं.

बाई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. "काकी, हाड मोडलं की रक्तातल्या राखणदार पेशी आधी तिथं धावतात, साफसफाई करतात. त्यानं सूज येते. मग त्यांनी शांत व्हायचं, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. तुमची साखर सतत वाढलेली, त्यामुळं राखणदारांचा तोल बिघडलाय. चिडलेल्या जास्त, शांत करणाऱ्या कमी. सूज धुमसत राहते आणि बांधकाम अडतं."

आत्यानं जरा विचार केला. "म्हंजे भावकीचं भांडाण मिटल्याबिगर गवंडी कामाला लागंना. व्हय की न्हाय?"

"अगदी तसंच!" बाई हसल्या. "साखर आटोक्यात आली तर भांडण निवायला मदत होईल. इन्सुलिन घ्यावं लागेल. तरी नाही जुळलं, तर ऑपरेशन."

मी आत्याकडं बघितलं. मामांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, शेवटच्या दुखण्यात इन्सुलिन सुरू झालं होतं. सुई आली म्हणजे माणूस चालला, हे तिच्या मनात तेव्हापासून घट्ट बसलेलं. तिनं एक्स-रे उजेडाकडं धरून भेग पुन्हा एकदा बघितली.

"शिकवा मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हातनं न्हाय टोचून घ्यायची."

पहिल्यांदा तिनं सुई दोनदा मागं घेतली, पण माझ्याकडं दिली नाही. गुळाचा चहा सुटला. शेजारणीनं नातवाचे पेढे आणले, तर तिला तोंडभरून आशीर्वाद देऊन आत्यानं पेढा माझ्या हातावर ठेवला. एवढं करूनही एकदा साखर चढली, तेव्हा मात्र ती पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुई घेऊन बसली.

पुढं एका एक्स-रेत भेगेच्या कडेला धुरकट पांढरं काहीतरी दिसलं.

"हे नवं हाड," बाई म्हणाल्या.

"एवढंसं?"

"सुरुवात एवढ्याशानंच होते, काकी."

ऑपरेशन टळलं. आत्या आता थोडी लंगडते. गावी परतताना एसटीत चढायला मी हात पुढं केला, तर म्हणाली, "सर की बाजूला! मागं लोकं खोळंबल्यात."