शनिवारची कोरी ओळ

ठाण्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू मंडळी मिळून एका खोलीतून ऑक्सिजनचे सिलिंडर फुकट वापरायला देतात. आईला धाप लागली म्हणून मी धावत तिथे पोचलो, तर शनिवारी बसणारे चाचा कुणाकडे तरी सिलिंडर पोचवायला गेलेले. बाकावर गोल टोपीतले एक म्हातारे ज्यू गृहस्थ होते.

"आज आमचा शब्बाथ. आम्ही काम करत नाही," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पण बोलता बोलता ते उठलेही होते. त्यांनी पान्याने सिलिंडरवरचं मीटर आवळलं, कान लावून गळती नाही ना ते ऐकलं, टोपी सारखी केली आणि सिलिंडरला हात देत रिक्षापर्यंत आले.

"काका, नोंदींच्या वहीत माझं नाव?"

"लिहिणं म्हणजे काम. हे काम नव्हे. आई वाट बघतेय, निघा."

आई सावरल्यावर सिलिंडर परत द्यायला गेलो. ते काका नव्हते. चाचांनी वहीत त्या शनिवारची ओळ कोरी ठेवली होती. मी माझं नाव लिहिलं आणि 'कोणी दिला' या रकान्यात काय लिहू, विचारलं.

"ते राहू द्या," चाचा म्हणाले. "त्या दिवशी ते काम करत नाहीत."