मगदूम बाईंनी न केलेली सही

प्रबंध हातात आला की मगदूम बाई तो शेवटून उघडायच्या. आधी संदर्भसूची, मग तळटीपा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. म्हणायच्या, "प्रस्तावनेत माणूस नटून बसतो. कुणाकडनं काय आणलंय ते मागच्या दारानं कळतं." कोल्हापुरात त्यांच्या विभागात मी नवी लागले, तेव्हा माझा लेखही त्यांनी असाच उलटा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. "हे कुणाचं हाय?" बाई गडहिंग्लजकडच्या. वर्गात प्रमाण मराठी. चूक दिसली की गावची बोली.

त्यांचा विषय बायकांच्या ओव्या. विद्यार्थ्यानं प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव आणि गाव लिहायचंच. "पुस्तकाला लेखक असतो, तसा गाण्याला गळा असतो. तो सोडायचा न्हाय."

सुरेखा ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. कानडी शब्द मिसळलेल्या सीमेवरच्या ओव्यांवर तिनं एम.फिल. केलं आणि पुढं काही व्हायच्या आत काविळीनं गेली.

काही वर्षांनी बाईंच्याच हाताखाली एकाचा प्रबंध तयार झाला. नोकरी ठरलेली, फक्त पदवी यायची होती. त्यातली दोन प्रकरणं सुरेखाची होती, शब्दाला शब्द. संगणकाच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं, कारण तिच्या प्रबंधाची प्रत फक्त ग्रंथालयाच्या कपाटात होती. तिचं नाव कुठंच नव्हतं. ओव्यांखालची बायकांची नावंही गायब.

"तिचं ते अवतरणात घाल, नावं लिही," बाई म्हणाल्या.

"मग माझं काय उरतं, मॅडम?"

"तेच बघायचं हाय."

विभागप्रमुखांनी बाईंना बोलावलं. मी तिथंच होते. "मेलेल्या पोरीला काय फरक पडतोय? जित्या पोराची नोकरी जाईल."

"ती भांडायला येणार न्हाय," बाई म्हणाल्या, "म्हणून तर आपण बघायचं."

त्यांनी प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सही केली नाही. मार्गदर्शक बदलला. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, प्रबंधाचं पुस्तकही झालं. बाईंच्या तक्रारीवर समिती नेमली. तिची बैठक कधी झाली नाही. नवे विद्यार्थी त्यांच्याकडं पाठवणं बंद झालं. त्या निवृत्त होईपर्यंत दुपारचा डबा आम्ही दोघीच खायचो.

मग बाईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी त्या मला घेऊन एसटीनं सुरेखाच्या आईकडं, गौराक्कांकडं गेल्या. ते छापील पुस्तक पिशवीत होतं. गौराक्कांना वाचता येत नव्हतं. बाईंनी एका ओवीची पहिली ओळ वाचली. पुढची गौराक्कांनीच म्हटली.

"ही माझी की ओ! सुरेखानं बसवून म्हणून घेतली होती. पोरीचं नाव कुठं हाय ह्यात? बोट ठेवा बघू."

बाईंनी पुस्तक मिटलं. "न्हाय, आक्का. मला घालता आलं न्हाय."

गौराक्कांनी पुस्तक हातात घेतलं नाही. चहा मात्र केला.

ऑपरेशननंतर त्या घरी आल्याच नाहीत.

ते पुस्तक यंदा अभ्यासक्रमाला लागलंय आणि शिकवायला माझ्याकडंच आलंय. पहिल्या तासाला मी फळ्यावर सुरेखाचं आणि गौराक्कांचं पूर्ण नाव लिहिलं.

"परीक्षेला आहे का, मॅडम?" एकीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.